दत्ताभाऊंचे ठिपके

दत्ताभाऊ सकपाळ आमच्या कारखान्यात रुजू झाले आणि तो पहिला सगळा दिवस त्यांनी पंपाच्या एका शाफ्टच्या सोबतीनं काढला. सकाळी स्टोअरमधून लोखंडी गज बाहेर पडला, तसे हे त्याच्याबरोबर निघाले. गज करवतीवर कापला गेला, हे तिथे उभे. लेथवर चढला, हे लेथपाशी. तिथून उतरून तो दुसऱ्या जॉबांच्या, म्हणजे घडवायच्या सुट्या भागांच्या, ढिगात ट्रॉलीत जाऊन पडला, तर यांनी शेजारी एक खोका उलटा घातला आणि बसले. दुपारी मी तपासणी विभागातून कँटीनकडे निघाले होते. हा ठेंगणा, रुंद खांद्यांचा अनोळखी माणूस ट्रॉलीकडे टक लावून बसलेला पाहून मला वाटलं, कोणाचा तरी नातेवाईक भेटायला आला असेल.

"कोण हवंय आपल्याला?" मी विचारलं.

"कोणी नको. मी सकपाळ. नवीन प्रॉडक्शन इंजिनियर."

"मग इथे का बसलात?"

त्यांनी ट्रॉलीतल्या शाफ्टकडे बोट केलं. "याच्याबरोबर आहे. सकाळी थोडंसं काम झालं याच्यावर, तेव्हापासून हा नुसता बसून आहे. पुढचं मशीन पार त्या टोकाला. याला न्यायला कोणी येतं का ते बघतोय."

"आणि नाही आलं तर?"

"तर उद्या पुन्हा याच्याजवळ बसेन."

आणि खरोखरच बसले. शेवटी तो शाफ्ट तयार होऊन माझ्या टेबलावर तपासायला आला, तेव्हा दत्ताभाऊ शाळेत नाव घालायला आणलेल्या मुलाच्या बापासारखे मागे उभे होते. मी मापं घेतली, बरोबर होती. "पोरगा चांगलाय," ते म्हणाले, "पण त्याचं आयुष्य रांगेत गेलं."

महाडच्या औद्योगिक वसाहतीतला आमचा कारखाना पंपांचे आणि व्हॉल्व्हचे सुटे भाग बनवायचा. सगळे लेथ एका रांगेत, ड्रिलची मशिनं दुसऱ्या रांगेत, मिलिंगची मागच्या भिंतीशी, ग्राइंडिंग वेगळ्या शेडमध्ये. दिसायला मोठं शिस्तीचं. पण एक जॉब पुरा व्हायचा तर त्याला सगळा कारखाना पालथा घालावा लागायचा आणि प्रत्येक मशीनपुढे ताटकळावं लागायचं. ऑर्डरी उशिरा जात होत्या, गिऱ्हाइकं तुटत होती. मालक इथलं काम बंद करून मशिनं गुजरातला हलवायचं बोलू लागले होते. आमच्यातल्या कितीतरी जणांची घरं त्या एका कारखान्यावर चालत होती. दत्ताभाऊंना आणलं होतं ते हे निस्तरायला, शेवटचा उपाय म्हणून.

बरीच वर्षं भोसरीला नोकरी करून ते परत आले होते. त्यांचं गाव म्हणजे पोलादपूरच्या वर, डोंगराच्या पोटातली एक वाडी. आई म्हातारी, ती वाडी सोडायला तयार नाही. म्हणून बायको सुनंदा तिच्याजवळ वर राहायची आणि हे आठवडाभर महाडात एका खोलीत. शनिवारी काम सुटलं की पोलादपूरची एसटी, पुढे रिक्षा मिळाली तर रिक्षा, नाहीतर चालत. मूलबाळ नव्हतं. ऑफिसात ते आमच्यासारखंच पुस्तकी बोलायचे, पण काही मनापासून बोलायचं झालं की वाडीची बोली आपसूक तोंडात यायची. आम्ही त्यावरून ओळखायला शिकलो. 'नाही' म्हणाले तर अजून बोलणं होऊ शकतं. 'नाय' म्हणाले की विषय संपला.

महिनाभरात त्यांनी कँटीनच्या टेबलावर एक भला मोठा कागद पसरला. आडव्या ओळींत जॉबांची नावं, उभ्या रकान्यांत मशिनांची. जो जॉब ज्या मशीनवर जातो तिथे एक ठिपका. कागद भरला तेव्हा मोहरीची वाटी उपडी झाल्यासारखं दिसत होतं. कशाचा कशाला मेळ नाही. मग त्यांनी कात्री काढली. प्रत्येक ओळीची पट्टी कापली आणि सारखे ठिपके असलेल्या पट्ट्या जवळजवळ आणल्या. ते चिकटवून पुन्हा उभं कापलं आणि मशिनांचे रकाने तसेच सरकवले. हे सगळं कॉम्प्युटरवर क्षणात होतं, आणि ते त्यांनी केलेलंही होतं. पण लेथवाल्यांना स्वतःच्या हातानं पट्ट्या सरकवू द्यायच्या होत्या. जेवणाच्या सुट्टीत माणसं डबा खाता खाता पट्ट्या हलवत. हळूहळू इकडेतिकडे सांडलेले ठिपके एकमेकांकडे सरकू लागले आणि कागदावर तीन-चार दाट चौकोन दिसू लागले.

"हा बघा एक संसार," दत्ताभाऊ एका चौकोनावर हात ठेवून म्हणाले. "हे जॉब आणि ही मशिनं. यांचं दुसऱ्या कोणाशी फारसं काम पडत नाही. मग हे एकमेकांपासून एवढे लांब का राहतात? यांना एका जागी आणायचं. त्याला म्हणायचं सेल."

"सेल कसला? कपड्यांचा?" ग्राइंडिंगचे रामा कदम मागून ओरडले आणि कँटीन हसलं. दत्ताभाऊ सगळ्यांत जास्त हसले. पुढे आमच्याकडे तोच विनोद कायमचा झाला.

मला या विषयाची गोडी लागली ती त्यांच्या सांगण्यानं. गट पाडायच्या कितीतरी पद्धती आहेत. एका पद्धतीत मशिनांची जोडी घेऊन बघायचं की दोघांकडे मिळून जेवढे जॉब येतात, त्यातले दोघांकडेही जाणारे किती. ज्यांचं सगळ्यांत जास्त जुळतं त्यांना आधी एकत्र करायचं, मग त्या जोडीला तिसरं जोडायचं, मग गटाला गट. "पण नुसतं जवळचा शेजारी बघून जोडत गेलात तर फसाल," ते सांगायचे. "पहिल्याचं दुसऱ्याशी जुळतं, दुसऱ्याचं तिसऱ्याशी, तिसऱ्याचं चौथ्याशी. अशी साखळी वाढते आणि शेवटी एका खोलीत अशी दोघं येतात ज्यांनी एकमेकांचं तोंड पाहिलेलं नाही. म्हणून मेधाताई, नवीन माणूस घरात घेताना घरातल्या सगळ्यांशी त्याचं पटतं का ते विचारायचं. एकाशी पटून चालत नाही."

चौकोन कितीही चांगले जमले तरी काही ठिपके बाहेर राहायचे. एका गटातला जॉब, पण एका कामासाठी त्याला दुसऱ्या गटातल्या मशीनकडे जावं लागायचं. मालकांना तो कागद दाखवला त्या दिवशी मी तिथे होते. मालक खूश झाले, पण त्यांचं बोट त्या बाहेरच्या ठिपक्यांवर गेलं. "हे चार-दोन काढून टाका की. चित्र कसं स्वच्छ दिसेल."

"चित्र स्वच्छ दिसेल साहेब," दत्ताभाऊ म्हणाले. "पण तो जॉब रोज तिकडे चालत जायचाच. ठिपका खोडला म्हणून त्याचं चालणं थांबत नाय."

'नाय' आलं होतं. मालकांनी विषय सोडला.

एकदा मात्र त्यांचा हिशेब त्यांनाच बदलावा लागला. कदमांचं ग्राइंडिंग मशीन एका सेलमध्ये जाणार होतं आणि त्यांच्या शेजारचे पवार दुसऱ्या सेलमध्ये. कदम काही केल्या तयार होईनात. चिडून कोणाशी बोलेनात. दत्ताभाऊ रोज त्यांच्याजवळ जाऊन उभे राहायचे. शेवटी पवारांनीच दत्ताभाऊंना बाजूला घेऊन सांगितलं. कदमांना कानानं कमी ऐकू येत होतं. मशीनचा आवाज बदलला, भोंगा झाला, मागून ट्रॉली आली, तर पवार त्यांच्या पाठीवर हात मारायचे. कितीतरी वर्षं हे चाललं होतं आणि नोकरी जाईल म्हणून कदमांनी घरीसुद्धा सांगितलेलं नव्हतं.

दत्ताभाऊंनी ते कोणालाही कळू दिलं नाही. मला पुढे पवारांकडून कळलं. त्यांनी फक्त कागद पुन्हा पसरला आणि दोघांना एका सेलमध्ये ठेवून बाकीचं नव्यानं मांडलं. मी विचारलं, "पहिली मांडणी जास्त चांगली होती ना?"

"होती. पण तेव्हा एक ठिपका सुटला होता माझ्या नजरेतून," एवढंच म्हणाले.

मशिनं हलवायला क्रेन आली. आठवडाभर धूळ, आरडाओरडा. आणि मग पहिला शाफ्ट एका सेलमध्ये शिरून तिथूनच पुरा होऊन, संध्याकाळच्या आत माझ्या टेबलावर आला. मी तो हातात घेतला तर अजून कोमट होता. गुजरातचं बोलणं हळूहळू थांबलं.

त्या वर्षी खंडेनवमीला मशिनांच्या पूजेला सुनंदावहिनी आल्या होत्या. उंच, सावळ्या, बोलक्या. येताना नाचणीच्या भाकऱ्या आणि सुकटीची चटणी घेऊन आल्या होत्या, आमच्या विभागात सगळ्यांना पुरून उरेल एवढी. सेलमधल्या मशिनांना झेंडूच्या माळा घातलेल्या बघून मला म्हणाल्या, "ह्यांचं घरी पण हेच. मी चहाचं पातेलं एका जागी ठेवते, चिमटा एका जागी. हे रविवारी घरी असतात आणि सगळं एका फळीवर आणून ठेवतात. सोमवारी हे गेले की मी परत माझ्या जागी ठेवते."

"आणि पुढच्या रविवारी?"

"परत आणून ठेवतात," त्या हसल्या. "भांडण नाय करत. नुसतं ठेवतात."

दत्ताभाऊ लाजून दुसरीकडे बघत होते. मी त्यांना विचारलं, सगळेच महाडात का राहत नाही? उत्तर वहिनींनीच दिलं. "आईंना मी किती वेळा सांगितलं. त्या म्हणतात, माझी माणसं हितं हायत, मी खाली कोणाच्या तोंडाकडं बघू? आणि वर शेजारी गणूआबा एकटेच असतात, मुलगा मुंबईला. सकाळचा चहा आमच्याकडेच होतो त्यांचा. मी खाली आले तर दोन चुली थंड पडतील."

एकवीस सालच्या जुलैत जो पाऊस झाला त्याबद्दल मला लिहायला आवडत नाही. महाडात पाणी आमच्या पहिल्या मजल्याच्या पायऱ्या चढत आलं होतं. फोन बंद, वीज नाही. त्याच पावसात वर डोंगर सुटले. दरडीखाली गेलेल्या तळीयेचं नाव सगळ्या देशानं ऐकलं. दत्ताभाऊंची वाडी लहान, तिचं नाव बातम्यांत एखाद्या ओळीपुरतं आलं असेल. भातलावणीचे दिवस होते, मुंबईची मुलं रजा काढून घरी आलेली होती. वाडीचा वरचा अर्धा भाग दुपारी मातीखाली गेला. सुनंदावहिनी आणि आई घरातच होत्या. गणूआबांचा मुलगा महेश लावणीसाठी आला होता, तोही गेला. आबा ओढ्यापलीकडे गोठ्यात गुरांपाशी होते, म्हणून राहिले.

दत्ताभाऊ महाडात पाण्यात अडकलेले होते. पाणी उतरताच ते चालत निघाले. पोलादपूरच्या पुढे रस्ता जागोजाग तुटला होता, कुठे झाडं आडवी, कुठे रस्ताच नाही. ते कसे पोचले ते त्यांनी कधी सांगितलं नाही. आई आणि वहिनी शेजारी शेजारी सापडल्या, एवढंच नंतर कळलं.

ते परत आले तेव्हा कारखान्यात आम्ही चिखल उपसत होतो. प्रत्येक मशीनच्या पोटात गाळ. त्यांनी पँट दुमडली, फडकं घेतलं आणि कदमांच्या मशीनपाशी बसून पुसायला लागले. मी पाण्याची बाटली पुढे केली, त्यांनी घेतली. मान हलवून पुन्हा पुसायला लागले. कदम त्यांच्या शेजारी जाऊन बसले आणि दोघं दिवसभर एकच मशीन पुसत राहिले. ते कधीच स्वच्छ झालं होतं.

वाचलेली माणसं आधी शाळेत, मग पत्र्याच्या शेडमध्ये राहत होती. पुढे खाली सपाटीवर त्यांच्यासाठी नवी घरं बांधायचं ठरलं. घरं उभी राहत होती तेव्हा भांडणंही उभी राहत होती. कोणाला कुठलं घर? चिठ्ठ्या टाकायच्या ठरल्या. दत्ताभाऊ एका रविवारी मला म्हणाले, "मेधाताई, माझ्याबरोबर शेडवर याल? बायका माझ्याशी मोकळं बोलत नाहीत. मला बघून रडायला लागतात."

मी गेले. पत्र्याच्या त्या रांगेत दारोदार जाऊन ते विचारत होते. पाण्याला कोणाबरोबर जायचीस? आजारी पडलीस तर पोरं कोणाकडे सोडायचीस? लावणीला तुमच्या शेतात कोण यायचं, तुम्ही कोणाच्या जायचा? मी लिहून घेत होते. त्यांच्या मनात काय आहे ते मला पहिल्या दोन घरांतच कळलं होतं. वाडीत वर्षानुवर्षं एकमेकांच्या आधारानं जगलेली घरं चिठ्ठीनं विखुरली जाऊ नयेत, एवढंच त्यांना करायचं होतं. कारखान्याचा तोच कागद, आता ओळींत आणि रकान्यांत घरं.

पण एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आलेली नव्हती. माणसं मेलेल्यांची नावं सांगत होती. पाण्याला कोणाबरोबर? बाई जिचं नाव घ्यायची ती वर मातीखालीच राहिलेली असायची. मी लिहावं की नाही म्हणून थांबायचे. दत्ताभाऊ म्हणायचे, "लिहा. ठिपका आहे तो."

शेवटी गणूआबांच्या खोलीत गेलो. आबा भिंतीला टेकून बसले होते. दत्ताभाऊंनी खाली बसून ठरलेला प्रश्न विचारला. "आबा, अडीनडीला कोणाला हाक मारायचात?"

आबांनी त्यांच्याकडे बघितलं. "तुला ठाऊक नाय व्हय रे, दत्तू? सुनंदाला."

मी मान खाली घातली. लिहिता येईना. दत्ताभाऊंनी माझ्या हातातून पेन घेतलं आणि स्वतः लिहिलं. बाहेर कोणाचं तरी लहान मूल पत्र्यावर काठी आपटत होतं.

मग त्यांनी विचारलं, "आणि आता? आता कोणाला हाक माराल?"

"आता कोण हाय मला?" आबा म्हणाले. थोड्या वेळानं म्हणाले, "तुलाच मारीन. दुसऱ्या कोणाला मारू?"

त्या कागदावर वाचलेलं प्रत्येक घर होतं, फक्त दत्ताभाऊंचं नव्हतं. माझ्या ते तोवर लक्षात आलं नव्हतं. नव्या घरांत त्यांचाही हक्क होता, पण त्यांनी स्वतःला कुठेच मांडलं नव्हतं. एसटीत परत येताना त्यांनी कागद मांडीवर उघडला, तळाशी एक ओळ वाढवली आणि तिच्यात एकच ठिपका दिला, आबांच्या रकान्यात. मग खिडकीकडे तोंड केलं ते महाड येईपर्यंत.

तो कागद घेऊन आम्ही तालुक्याच्या कचेरीत गेलो. तिथले अधिकारी तरुण होते, सज्जन होते. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं. "सकपाळसाहेब, मला पटतंय," ते म्हणाले. "पण चिठ्ठ्यांशिवाय घरं वाटली तर उद्या कोणीतरी म्हणेल, यांनी आपल्या माणसांना रस्त्यालगतची घरं दिली. मला चिठ्ठ्याच टाकाव्या लागतील. नंतर लोकांनी आपसात राजीखुशीनं अदलाबदल केली आणि लेखी दिलं, तर मी अडवणार नाही."

दत्ताभाऊंनी कागदाची घडी घातली. बाहेर येऊन म्हणाले, "अदलाबदल कोण करतंय? मिळालेलं रस्त्यालगतचं घर सोडून कोण आत जाईल?"

चिठ्ठ्या निघाल्या त्या सकाळी मीही गेले होते. व्हायचं तेच झालं. सासू एका टोकाला, सून दुसऱ्या. आबांना रस्त्यालगतच्या पहिल्या रांगेतलं घर, दत्ताभाऊंना शेवटच्या रांगेतलं. लोक किल्ल्या घेऊन आपापल्या दारासमोर उभे राहिले. नवा रंग, नवी कडी, आणि आत कोणीच जाईना. मग पहिल्या रांगेतून आबा निघाले. हातात काठी, दुसऱ्या हातात किल्ली. चालत चालत शेवटच्या रांगेत आले आणि दत्ताभाऊंच्या शेजारच्या घरासमोर उभ्या असलेल्या बाईला म्हणाले, "गो, रस्त्याकडचं घर तुला घे. मला हितं ऱ्हायचंय."

तिनं हातातली किल्ली पुढे केली. मग म्हणाली, "आबा, माझी जाऊ पण त्याच रांगेत हाय. मी आनंदानं जाते."

त्यानंतर कोणाला काही सांगावं लागलं नाही. बायका किल्ल्या घेऊन इकडून तिकडे जाऊ लागल्या. कोणी हाका मारत होतं, कोणी भांडत होतं, कोणी मध्येच थांबून रडत होतं. दुपारपर्यंत बहुतेक सगळी घरं बदलली. दत्ताभाऊंच्या खिशातला कागद कोणी मागितलाच नाही. ते आपल्या पायरीवर बसून बघत होते. वहिनी गेल्यापासून मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. त्या दिवशी ते सगळ्यांसमोर, तोंड न झाकता रडले.

"मशिनं हलवायला क्रेन आणावी लागली होती, मेधाताई," ते म्हणाले. "ही माणसं बघा."

पुढचं वर्ष-दीड वर्ष ते तिथूनच कामावर येत. सकाळी आबांना चहा करून द्यायचा, मग पोलादपूर, मग एसटी. कारखान्यात पुन्हा हळूहळू बोलू लागले होते. नव्या मुलांना सेल समजावून सांगायचे, कदमांची थट्टा करायचे. पण वाळत चालले होते. मी डॉक्टरकडे जा म्हटलं की म्हणायचे, "जाईन की. काय घाई नाय." आणि 'नाय' म्हणाले की विषय संपायचा. छातीत दुखतं हे त्यांनी फक्त आबांना सांगितलं होतं. आबांना वाटलं, दुःखानं दुखत असेल.

हिवाळ्यातली सकाळ होती. चहाची वेळ झाली तरी दार उघडलं नाही. आबा पायरीवर येऊन बसले. आदल्या दिवशी दत्ताभाऊ दमून आले होते. आबा मला नंतर सांगत होते, पुन्हा पुन्हा तेच. "मी म्हटलं झोपू दे पोराला. हाकसुद्धा मारली नाय मी. ऊन वर आलं तरी मी तसाच बसून, म्हटलं झोपू दे."

आम्ही कारखान्यातून दोन गाड्या करून गेलो. नदीकाठी वाडीची सगळी माणसं होती. दत्ताभाऊंचा एक चुलतभाऊ मुंबईहून निघाला होता, पण तो वाटेत कुठेतरी अडकला होता आणि ऊन कलत होतं. कोणीतरी हळूच विचारलं, अग्नी कोण देणार? पुढे यायला कोणीच धजेना. प्रत्येकजण दुसऱ्याकडे बघत होता.

आबा उठले. एकानं त्यांना धरलं आणि म्हणाला, "आबा, तुम्ही बसा. वडीलधाऱ्यानं लहानाला देऊ नये."

"मला नको शिकवू रे," आबा म्हणाले. आवाज चढला नव्हता. "माझा महेश अजून त्या मातीत हाय. शोधायचं बंद केलं तवासुद्धा तो गावला नव्हता. त्याला माझ्या हातानं काय म्हणता काय मिळालं नाय. ह्याला तरी देऊ दे मला."

धरणाऱ्यानं हात सोडला. आबांनी खांद्यावर मडकं घेतलं. ते पाणी सांडत चितेभोवती फिरले तेव्हा त्यांचा दुसरा हात रामा कदमांनी धरला होता. मडकं फुटल्याचा आवाज कदमांना बहुधा ऐकू आला नाही. आबा थांबले ते पाहून ते थांबले.

तिसऱ्या दिवशी राख सावडायला मी पुन्हा गेले. सावित्री नदीला पाणी कमी होतं, दगड उघडे पडले होते. आबा गुडघाभर पाण्यात उतरले आणि राख सोडताना त्यांनी दोन नावं घेतली. आधी महेशचं, मग दत्तूचं.